सोफाताईंचा रेक्झिन

माझं चष्म्याचं दुकान आणि सोफाताईंचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही एका विटेची. तिकडे हातोडी पडली की इकडे कपाटातल्या फ्रेमी थरथरतात. गिऱ्हाईक दचकतं. मी सांगतो, घाबरू नका, शेजारी खुर्चीला कपडे चढवतायत.

सोफाताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जुने सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं नव्याने मढवून द्यायचा त्यांचा धंदा. मूळचा नवऱ्याचा. नवरा पुढे बसून स्प्रिंगा आवळायचा, पट्टे ताणायचा, आणि ताई मागच्या बाजूला मशीनवर खोळी शिवायच्या. एके दिवशी दुपारचं जेवून तो एका अर्धवट उघड्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसला, तो उठलाच नाही. धाकट्या दिराने दुकान भाड्याने देऊन टाकायची गोष्ट काढली. ताईंनी ऐकून घेतली आणि पुढच्याच आठवड्यात शटर वर करून नवऱ्याच्या जागेवर जाऊन बसल्या. स्प्रिंगा बांधायला त्यांना कुणी शिकवलं नाही. नवऱ्याच्या हातचे जुने सोफे उसवायचे, त्याची गाठ सोडवून बघायची आणि तशीच परत मारायची. पहिलं वर्षभर त्यांच्या खुर्च्या एका अंगाला कलायच्या. गिऱ्हाईकं कुरकुरायची. ताई मुकाट्याने परत उसवायच्या. मग हात बसला.

काम करताना त्यांच्या तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या असतात. जिभेने एकेक पुढे सरकवायची, हातोडीच्या चुंबकी टोकाला लावायची आणि ठोकायची. त्यामुळे त्या बोलतात कमी, आणि बोलतात तेव्हा दातांतून. नव्या माणसाला वाटतं, तोंडात चुका आहेत म्हणून बाई रागीट वाटते. जुन्यांना माहीत आहे, बाई रागीटच आहे, चुकांचा काही संबंध नाही.

एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. दुकानाच्या वर दोन खोल्या, तिथे ताई एकट्या. अशात एक दिवस टेम्पोतून एक मोठा सोफा उतरला, आणि सोफ्याच्या पायाला बांधलेला एक काळा कुत्रा. बरोबरचा माणूस घाईत होता. म्हणाला, "आम्ही घर बदलतोय. दोन-चार दिवसांत दोघांनाही न्यायला येतो." सोफ्याला नवं कापड चढलं, टाके पडले, पाय घासून झाले. माणूस आला नाही. फोन लागेना, मग तो नंबरच बंद झाला. शेवटी सोफा दुसऱ्याने नेला. कुत्र्याला गिऱ्हाईक नव्हतं.

कुत्रा कापड बेतायच्या टेबलाखाली भिंतीला अंग लावून पडलेला असायचा. कुणी वाकून बघितलं तर थरथर कापायचा. ताईंनी त्याला बाहेर ओढला नाही, चुचकारलं नाही. वाटी सरकवायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. पोरकं जनावर आहे, येईल तेव्हा येईल. मग एका दुपारी त्या मशीनवर बसल्या असताना तो हळूच बाहेर आला आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकवून झोपला. ताईंनी ते पाऊल हलवलं नाही. उरलेल्या एका पायाने मशीन चालवली. संध्याकाळी मला म्हणाल्या, "शिवण वाकडी गेली आज सगळी." नवरा गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

अंग काळं, चकचकीत, ताणून बसवल्यासारखं. म्हणून नाव पडलं रेक्झिन. ताई लाडात आल्या की रेक्या.

रेक्याने ताईंना आपलं मानलं, तिथून सगळा घोळ सुरू झाला. कारण त्याने फक्त ताईंनाच आपलं मानलं. त्यांच्या हाताच्या अंतरात कुणी आलं की त्याचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं, वरचा ओठ उचलला जायचा, आणि पुढचं इतक्या झटकन व्हायचं की दोष कुणाचा हे ठरवायलाही वेळ मिळायचा नाही. कापडाचे नमुने दाखवायला आलेला विक्रेता चावून घेऊन गेला. एका गिऱ्हाईक बाईंनी ताईंच्या खांद्यावर मैत्रीने हात ठेवला, त्यांची बाही गेली, थोडी कातडीही. माझं म्हणाल तर मी ताईंचाच नवा चष्मा द्यायला गेलो होतो. चष्मा त्यांच्या हातात दिला आणि माझा हात मागे येण्याआधी अंगठा रेक्याच्या तोंडात होता. टाके पडले. पुढे कितीतरी दिवस बारीक स्क्रू फिरवायचा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

ताई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "चष्मेवाले, तुम्ही तक्रार करा. मी काही म्हणणार नाही."

मी म्हटलं, "तक्रार करून अंगठा थोडाच बरा होतोय?"

त्यांनी माझ्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "वाईट नाही हो तो. घाबरतो."

हे वाक्य मी त्यानंतर त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे त्याचा मला संताप येऊ लागला.

दुसरी भानगड अशी, की ताई नजरेआड गेल्या की रेक्या वेडा व्हायचा. फोमचे तुकडे तुकडे करायचा. शटर आतून ओरबाडून ओरबाडून नखांतून रक्त काढायचा आणि असा रडायचा की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहायची. ताईंनी बाहेर जाणं सोडलं. भाचीच्या लग्नाला गेल्या नाहीत. बहीण आजारी पडली, फोनवर चौकशी केली. पित्ताशयातले खडे काढायचे म्हणून डॉक्टर मागे लागले होते, ते दुखणं दाबून ठेवलं, कारण दवाखान्यात पडायचं तर याला कुणाच्या गळ्यात बांधायचं? दुकानाच्या दाराला त्यांनी कमरेएवढं फाटक बसवलं. गिऱ्हाईकाने बाहेर उभं राहून घंटी वाजवायची, ताई बाहेर येऊन बोलणार. अर्धी गिऱ्हाईकं तुटली. तुटणारच. सोफा दुरुस्त करायला कोण तुरुंगात भेटायला आल्यासारखं उभं राहील?

जनावरांच्या डॉक्टरीणबाई होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिले. लांबून माणूस दिसला की तोंडात उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा, माणूस जरा जवळ आला की पुन्हा तुकडा. ताईंनी सगळं केलं. पहाटे रस्ता रिकामा असताना त्याला घेऊन निघायच्या, खिशात अंडं. तोंडाला लावायची बाजारातली जाळी त्याच्या नाकाला काचायची, म्हणून त्यांनी मऊ चामड्याची जाळी स्वतः शिवली, आतून फ्लॅनेल लावून. एवढी सुबक, की डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन मागवल्या. रेक्या सुधारला, पण कसा? पहिल्यांदा दहा हातांवरच्या माणसावर गुरगुरायचा, तो आता पाच हातांवरच्या माणसावर गुरगुरू लागला.

तरीही चाललं होतं. दोघांचं आपसांत छान चाललं होतं, असंच म्हणायला हवं. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की ताई पायरीवर चहा घेऊन बसायच्या आणि तो त्यांच्या मांडीवर डोकं टाकून पडायचा. त्या त्याच्याशी बोलायच्या. तोंडात चुका नसायच्या तेव्हा. कोणत्या गिऱ्हाईकाने कसलं भिकार कापड निवडलं, कोणाचा सोफा आतून कसा कुजका निघाला. एका विटेची भिंत आहे, मला सगळं ऐकू यायचं. माझ्याशी त्या कधी एवढं बोलल्या नाहीत. दिराशी नाही. लेकीशी तर नाहीच.

मग लेक आली. एका हातात बॅग, कडेवर नुकतं चालायला लागलेलं मूल. नवऱ्याशी पटत नाही, आता परत जाणार नाही, म्हणाली. ताईंनी विचारलं नाही, काय झालं. वरच्या खोलीतलं कापडाचं सामान खाली आणलं आणि तिला जागा करून दिली.

नात म्हणजे गोल गोबरी, सगळे तिला लाडू म्हणायचे. लाडूला रेक्याचं भारी वेड. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून "भू, भू" करत टाळ्या पिटायची. खाली रेक्या ताठ. ताईंनी जुन्या सोफ्याच्या लाकडाचं आणखी एक फाटक केलं आणि जिन्याच्या तळाशी बसवलं. मूल वर, कुत्रा खाली, आणि स्वतः दिवसभर वर-खाली. लेकीला बजावलं, "कडी लावल्याशिवाय हात काढायचा नाही." लेक म्हणाली, "आई, मी काय लहान आहे का?"

एका दुपारी ताई जमिनीवर बसून एका खुर्चीला तळाचं कापड ठोकत होत्या. रेक्या पाठीला पाठ लावून झोपलेला. लेक फोनवर बोलत बोलत पाणी घ्यायला खाली आली, बोलत बोलत वर गेली. फोन नवऱ्याचा होता. कडी लागली नाही. लाडू एकेक पायरी बसत उतरली, फाटक ढकललं आणि आजीच्या गळ्यात पडायला मागून धावली.

मी आवाज ऐकून गेलो तेव्हा ताईंनी रेक्याला गळपट्ट्याला धरून टेबलाखाली दाबलं होतं, आणि लेक मुलीला घेऊन किंचाळत होती. दात गालावर लागले होते, डोळ्याच्या जरा खाली. मी रिक्षा बोलावली. मोठ्या दवाखान्यात टाके घातले. डॉक्टर म्हणाले, बोटभर वर लागलं असतं तर डोळा गेला असता. मी जन्मभर डोळ्यांचंच काम केलंय. बोटभर म्हणजे किती, ते मला कळतं.

संध्याकाळी लेक मुलीला घेऊन परत आली. ताई जिन्यावर बसल्या होत्या. लेक त्यांच्या शेजारून वर जाता जाता थांबली आणि म्हणाली, "मी काही म्हणत नाही, आई. घर तुझं, कुत्रा तुझा. तू ठरव."

ती चिडली असती, काय वाटेल ते बोलली असती तर बरं झालं असतं. ताईंनाही तोंड उघडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "फाटक तिने उघडं ठेवलं."

"तिला सांगितलंत?"

"तिला माहीत आहे. म्हणून तर ती काही म्हणत नाही."

पुढचे दिवस कसे गेले ते मी बघितलंय. ताईंनी रेक्याला दिवसभर जाळी घालून बघितलं, त्याने ती फरशीवर घासून घासून नाक सोलून घेतलं. मागच्या मोरीत बांधून बघितलं, तो रडून रडून ओकला. लेक खोलीचं दार आतून लावून मुलीला घेऊन बसायची, जेवायलाही बाहेर येईना. मूल आत रडायचं, कुत्रा खाली रडायचा, आणि मध्ये जिन्यावर ताई. मला म्हणाल्या, "कुठल्याही बाजूने बेतलं तरी कापड कमीच पडतंय."

दीर येऊन गेला. म्हणाला, "वहिनी, एवढं काय त्यात? टेम्पोत घाला आणि लांब कुठेतरी सोडून या. आपल्याकडे नाही का कुणी आणून टाकला?"

ताई म्हणाल्या, "आधी तुम्हालाच सोडून येते. बघू कोण घरात घेतं."

दीर चहा न घेता गेला.

डॉक्टरीणबाईंशी मात्र त्या बराच वेळ बोलल्या. मी बरोबर होतो, रेक्याला मागच्या सीटवर ताईंच्या मांडीखाली दाबून आम्ही रिक्षाने गेलो होतो. ताईंनी सरळ विचारलं, "सुई द्यायची का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आत्ता म्हणालात तर मी नाही म्हणणार नाही. पण तो म्हातारा नाही, आजारी नाही. आधी दुसरी जागा बघा. लहान मूल नसलेली. आणि ज्याला द्याल त्याला सगळं खरं सांगा. लपवून दिलात तर तो पुढे कुणालातरी चावेल, आणि तिथे सुईसुद्धा मिळणार नाही त्याला. काठीने मारतील."

ताईंनी खरं सांगायचा चंगच बांधला. भटक्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या संस्थांना फोन केले. पहिला प्रश्न, चावतो का? हो. मग जागा नाही. एका ठिकाणी बाईंनी आवाज खाली करून सांगितलं, "अहो, चावतो म्हणून सांगताच कशाला?" ताईंनी फोन ठेवून दिला. एक फार्महाऊसवाला आला, त्याने रेक्याच्या जबड्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, दिवसभर बांधून ठेवला तर आणखी कडक होईल ना? त्याला ताईंनी फाटकाबाहेरूनच वाटेला लावलं.

मला त्यांनी एकदाच विचारलं. "तुम्हाला चावलाय तो. तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हटलं, "ताई, ते माझ्याकडून वदवून घेऊ नका."

त्यांना वाईट वाटलं असावं. पण मला ते ओझं नको होतं, हे खरं.

शेवटी लाकडाच्या वखारीचा मालक मिळाला. सोफ्यांच्या सांगाड्यांसाठी ताई त्याच्याकडूनच लाकूड घ्यायच्या. माल उतरवायला आला असताना त्याने गोष्ट ऐकली आणि म्हणाला, माझ्याकडे द्या. मोकळं आवार आहे, भिंत आहे, रखवालदार तिथेच राहतो, पोरंबाळं नाहीत. ताईंनी त्याला समोर बसवलं आणि एकेक चावा सांगितला. विक्रेत्याचा, बाईंचा, माझा, नातीचा. मालक हसला. "वखारीला चावणाराच हवा की, ताई."

ते हसणं ताईंना आवडलं नाही. पण दुसरं होतं काय?

नेण्याच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दिलेली गुंगीची गोळी ताईंनी अंड्यात घालून भरवली. रेक्याने त्यांच्या हातून ती विश्वासाने खाल्ली, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं, स्वतःला चिमटा काढावा तसं. टेम्पोत त्यांच्या पायांवर तो जड होऊन पडला होता. वखारीत रखवालदाराच्या खोलीबाहेर त्यांनी त्याची चादर अंथरली, त्याला झोपवलं, आणि तो जागा व्हायच्या आत निघाल्या.

परत आल्या, चुका तोंडात घेतल्या आणि दिवसभर काढल्या नाहीत.

पहिल्या दिवसांत रखवालदाराचा फोन यायचा. खात नाही. दरवाजाशी बसून राहतो. मग, थोडं खाल्लं. मग फोन बंद झाले. ताईंनी स्वतःहून केला नाही. म्हणाल्या, "चांगलं ऐकलं तरी त्रास, वाईट ऐकलं तरी त्रास."

घरात शांतता झाली. जिन्याचं फाटक काढून टाकलं. लाडूच्या गालावरचे टाके निघाले, ती दुकानभर हिंडू लागली, टेबलाखाली वाकून बघायची आणि म्हणायची, "भू?" तिच्या मनात काही राहिलं नव्हतं. लेक मात्र आईशी जपून बोलायची आणि फोनवर तासन् तास असायची. भिंतीपलीकडून मला कळत होतं, की त्या बोलण्यातलं भांडण हळूहळू कमी होतंय.

आणि मग जावई आला. स्वच्छ दाढी केलेला, हातात मुलीसाठी खेळणं. ताईंनीच मढवलेल्या सोफ्यावर बसला, चहा प्यायला, झालं गेलं विसरा म्हणाला. लेक डोळे पुसत हसली. आली होती तीच बॅग भरली गेली. रेक्याला जाऊन तेव्हा पुरते दोन महिनेही झाले नव्हते.

मी निरोपाला बाहेर उभा होतो. लेक गाडीत बसली, काच खाली केली आणि म्हणाली, "आई, आता तू रेक्याला परत आण ना. मला किती वाईट वाटत होतं माहितीये? आता काही अडचण नाही."

जणू छत्री विसरली होती कुणाकडे.

ताईंनी लाडूच्या गालावरून हात फिरवला, जिथे व्रण होता तिथून, आणि मागे सरकल्या. गाडी गेली. ताई आत गेल्या. त्या दिवशी हातोडीचा आवाज असा येत होता, की मी एक चांगली फ्रेम कपाटातून उतरवून गल्ल्याखाली ठेवली.

त्या लगेच वखारीत गेल्या असतील असं कुणालाही वाटेल. नाही गेल्या. कितीतरी दिवस मनाशी घोकत राहिल्या. आणायचा आणि उद्या लेक पुन्हा बॅग घेऊन आली तर? पुन्हा गोळी, पुन्हा टेम्पो? शेवटी एका रविवारी माझ्या दारात आल्या. "चष्मेवाले, स्कूटर काढता का? त्याला आणायचाय. येताना रिक्षा करीन." हातात तीच मऊ चामड्याची जाळी होती आणि पिशवीत अंडी.

वखारीत करवत चालू होती. कानठळ्या बसत होत्या. ताई म्हणाल्या, "एवढ्या आवाजात तो मेला असेल भीतीने." आम्ही फळ्यांच्या थप्प्यांमधून आत गेलो. करवतीपासून जरा अंतरावर भुशाच्या ढिगाऱ्यात एक तपकिरी कुत्रा चारी पाय ताणून झोपला होता. दोन कामगार एक मोठा ओंडका घेऊन त्याला ओलांडून गेले. एकाचा पाय त्याच्या शेपटीला लागला. त्याने शेपटी आत घेतली, डोळा उघडला नाही.

तो रेक्झिन होता. काळा रंग भुशाखाली गेला होता.

रखवालदार आला. ताईंना ओळखून हसला. "आमचा भुसा ना? एकदम सरळ कुत्रं आहे, बाई. पहिले काही दिवस उपाशी राहिला, मग आपलाआपण लागला खायला. आम्हाला कुणाला त्याच्याकडे बघायला सवड नाही आणि त्यालाही आमची पर्वा नाही."

"चावत नाही?"

"कुणाला चावेल? इथे दिवसाला पन्नास माणसं येतात." आणि मग, हसत, "मालक म्हणतात, फसवलं बाईंनी, चावरा म्हणून दिला आणि निघाला गरीब."

ताई दोन पावलं पुढे गेल्या. मग त्यांनी अगदी हळू हाक मारली, "रेक्या." करवतीत ती मलाही नीट ऐकू आली नाही. त्याला आली. तो उठला, नाक वर केलं, आणि धावत येऊन त्यांच्या अंगावर आदळला. लोळला, ओरडला, त्यांच्या पायांवर मुतला. ताई भुशात खाली बसल्या आणि त्याला दोन्ही हातांनी धरलं. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हाही नाही. मी तोंड फिरवलं.

रखवालदार बिचारा चांगल्या मनाने त्यांच्यासाठी स्टूल घेऊन आला. "बाई, वर बसा," म्हणत वाकला.

रेक्याचं अंग ताठ झालं. ओठ वर गेला. रखवालदाराला काही कळायच्या आत दात त्याच्या मनगटावर होते. ज्या हाताने रोज खायला मिळत होतं, तोच हात. ताईंनी गळपट्टा ओढला म्हणून वरच्यावर निभावलं, ओरखडा आला तेवढाच. कामगार थांबले. करवतही बंद झाली. त्या शांततेत रेक्या ताईंच्या पुढे उभा राहून आम्हा सगळ्यांवर गुरगुरत होता आणि त्याचे चारी पाय थरथर कापत होते. मघाशी भुशात पाय ताणून झोपलेलं ते कुत्रं कुठे गेलं, कळेना.

रखवालदार मनगट चोळत म्हणाला, "असं कधी केलं नव्हतं याने. तुम्ही आलात आणि..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. सभ्य माणूस होता.

ताई बराच वेळ रेक्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. पिशवीतली अंडी काढून एकेक भरवली. मग उठल्या आणि मला म्हणाल्या, "चला."

"आणि हा?"

"राहू दे."

त्या चालू लागल्या, तसा तो मागे आला. त्या थांबल्या, तो थांबला. दरवाजापर्यंत असंच. शेवटी रखवालदाराने लांबून दोरीचा फास टाकून त्याला खांबाला बांधला. म्हणाला, "इथे आल्यापासून आम्ही याला बांधलं नव्हतं." हे त्याने ऐकवायला म्हटलं नाही. पण ताईंनी ऐकलं. आम्ही रस्त्याला लागून वळण घेईपर्यंत तो रडत होता, शटर ओरबाडताना रडायचा तसाच.

स्कूटरवर मागून त्या एकच वाक्य बोलल्या. "मी म्हणायचे, तो घाबरतो. माझ्यामुळे घाबरतो, हे कधी डोक्यात आलं नाही."

मी म्हटलं, "तसं नसतं हो, ताई." पण तसंच होतं, ते मीही बघितलं होतं, आणि गाडी चालवत असल्यामुळे त्यांच्याकडे बघावं लागलं नाही हे बरं झालं.

त्यानंतर त्यांनी त्या वखारीतून लाकूड घेणं बंद केलं. पार गावाबाहेरून मागवतात, महाग पडतं. दाराचं फाटक काढलं, गिऱ्हाईक पुन्हा आत येऊन बसू लागलं, धंदा वाढला. पित्ताशयाचं ऑपरेशनही करून घेतलं. लोक म्हणतात, कुत्रा गेला आणि बाई सुटली. ताई ऐकून घेतात.

लेकीने फोनवर विचारलं होतं, आणलास का. ताई म्हणाल्या, "तिथं रमलाय." लेक म्हणाली, "बघ, तू उगाच जीवाला लावून घेत होतीस. त्यांना काही कळत नसतं." ताईंनी गिऱ्हाईक आलंय सांगून फोन ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं. मी होतो.

आता लेक मधूनमधून राहायला येते. लाडू मोठी झालीय, बडबडते. ताई तिला मांडीवर घेऊन कापडाचे नमुने उलगडून दाखवतात, तिच्या बाहुलीच्या खुर्चीला गादी शिवून देतात. लेकीला जेवायला वाढतात, तिची चौकशी करतात, जाताना पिशवी भरून देतात. जवळ मात्र घेत नाहीत. पूर्वी घ्यायच्या.

मागच्या खेपेला लेक माझ्याकडे चष्म्याचा नंबर तपासायला आली होती. अक्षरं वाचता वाचता म्हणाली, "काका, आई हल्ली कामात फारच बुडालेली असते, नाही? माझ्याशी बोलायलासुद्धा वेळ नसतो तिला."

मी भिंग बदललं आणि म्हटलं, "हो, हल्ली कामं फार आली आहेत. आता वरची ओळ वाचा."